विहिरीत पोहायला शिकलेल्या बाईची पहिली ट्रायथलॉन (सातारा)

चारभिंती | रविवार, रात्री १०:१२

गेल्या रविवारी मी ट्रायथलॉन केली. छोटी, स्प्रिंट म्हणतात ती. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं, सगळं सलग, मधे चहाला थांबायचं नाही. वय ४४, औषधाचं दुकान, दोन पोरं, आणि खेळाडू म्हणून माझा इतिहास म्हणजे शाळेत खोखोला राखीव, त्यामुळं हे वाचून कुणी टिप्स घेऊ नयेत, फक्त हसावं.

पळण्याची लागण कशी झाली ते सातारकरांना सांगायला नको. २०१२ ला इथं हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली तेव्हापासून पहाटे पाचला यवतेश्वरच्या घाटात कुत्री कमी आणि पळणारी माणसं जास्त असा प्रकार आहे. मीही बोगद्यापासून वर जाऊन परत यायचे. मग गुडघा कुरकुरायला लागला म्हणून थोरल्याची गिअरवाली सायकल घेऊन फिरायला लागले, आणि मग कुणीतरी म्हणालं पळता येतं, सायकल येते, पोहता आलं असतं तर ट्रायथलॉन केली असती. आता पोहता येत नाही असं मला कुणी म्हणायचं म्हणजे काय! माझं माहेर वाई तालुक्यातलं, सहाव्या वर्षी पाठीला वाळका भोपळा बांधून चुलत्यानं विहिरीत टाकलेली मी, दहाव्या वर्षी धक्क्यावरनं मुटका मारायचे, चुलतभाऊ भ्यायचे तेव्हा मी तळातला दगड काढून दाखवायचे. तर नाव नोंदवलं. १८०० रुपये. घरी सांगितलं नाही आधी.

सांगितलं तेव्हा सासूबाईंनी एकच विचारलं, "पोहून झाल्यावर वल्ल्या अंगानं सायकलीवर बसायचं? सर्दी हुईल की गं." म्हटलं आत्या, पुसायला टॉवेल नेते. "आणि एवढं करून काय मिळतंय?" मेडल. "आणि टीशर्ट?" हो, टीशर्टपण. मग त्यांची तक्रार राहिली नाही.

तयारी तीन महिने. पोहण्याच्या तलावात लेडीज बॅचला ३० लांब्या मारायचे, २५ मीटरचा तलाव म्हणजे झाले ७५०. पहिल्या दिवशी कोच मुलगी मला बघून म्हणाली, "काकू, मुंडकं आत घाला." विहिरीत आम्ही कायम मुंडकं वर काढून पोहायचो, कपारीत काय बसलंय त्याच्यावर लक्ष ठेवायला, कधी पारवा असायचा कधी धामण. मुंडकं आत गेलं की कंबर वर येते, पाय वर येतात आणि दम निम्मा लागतो, हे कळायला मला ४४ वर्षं लागली. दुसरं म्हणजे श्वास. मी पाण्यात श्वास धरून ठेवायचे आणि वर आल्यावर सोडायचे आणि घ्यायचे, दोन्ही एकदम, मग चौथ्या लांबीला धाप. श्वास पाण्यातच सोडून द्यायचा, बुडबुडे काढत, वर आलं की फक्त घ्यायचा. एवढ्यावरच मी चार लांब्यांवरनं बारावर गेले.

स्पर्धा धरणाच्या बॅकवॉटरला होती. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या पोरं ट्यूब घेऊन पोचतील तिथं, आणि तिथं पोहायला एरवी परवानगी नाही.

सकाळी सहाला पोचलो. फेब्रुवारीची थंडी, पाण्यावर वाफ. दंडावर आणि पोटरीवर मार्करनं नंबर लिहितात, घोट्याला वेळेची चिप बांधतात, डोक्याला रंगीत टोपी. मला वाटलेलं मी गार पाण्याला भिईन, खोल पाण्याला भिईन. तसलं काही झालं नाही. तलावात शिकलेली शहरातली पोरं मात्र घाबरलेली, खाली तलावाच्या तळाला असते ती काळी पट्टी दिसत नाही, तळ दिसत नाही, सगळं हिरवट काळं. मला काय, विहिरीत हात बुडवला तर कोपर दिसायचं नाही. मी अगदी ऐटीत उभी होते बरं का.

शिट्टी वाजली. लाथा बसल्या दोनचार, एक गॉगलवर. ठीक. लांब एक पिवळा फुगा लावलेला, त्याला वळसा घालून दुसऱ्या फुग्याकडं आणि मग किनारा. मी मुंडकं आत घातलं, बुडबुडे सोडत हात मारायला लागले, शंभर हात मोजले आणि वर बघितलं तर फुगा नाही. समोर डोंगर. मला वाटलं फुगा फुटला! इकडंतिकडं बघते तर फुगा तिकडं उजवीकडं लांब आणि सगळी जत्रा त्याच्याभोवती, आणि मी एकटी डावीकडं भलत्याच काठाकडं निघालेली. परत दिशा धरली, परत शंभर हात, परत डावीकडं. तिसऱ्या वेळेला कयाकमधला पोरगा वल्हं आपटत आला, "ओ मावशी! कुठं निघालाय? तिकडं गाव हाय!"

तर मंडळी, हे माझ्या डोक्यात त्याच क्षणी आलं, पाण्यात, त्या कयाकला धरून लटकताना. विहीर गोल असते. मी आयुष्यात सरळ रेषेत कधी पोहलेच नव्हते! तलावात पट्टी होती, दोरी होती, तिनं मला सरळ ठेवलं. पट्टी काढली की माझे हात आपोआप विहीर काढायला लागले. सहाव्या वर्षापासून मी फक्त वळायला शिकलेय.

मग दर आठ हातांना डोळे मगरीसारखे वर काढून फुगा बघायचा असं करत करत आले. याला सायटिंग म्हणतात आणि हे मला कोच मुलीनं शिकवलं होतं, मी "हां हां कळलं" म्हणून सोडून दिलं होतं. बाहेर आले तेव्हा घड्याळात ९८० मीटर. २३० मीटर मी फुकट पोहले, स्वखर्चानं. वेळ २७ मिनिटं, मर्यादा ३० ची होती.

पुढचं थोडक्यात. पाण्यातनं सायकलीपर्यंत मुरमाचा रस्ता, अनवाणी. मी घरनं छोटं घमेलं नेलं होतं पाय धुवायला, लोक हसले, मग दोघांनी मागून घेतलं. ओल्या पायात मोजे जात नाहीत, जात नाहीत म्हणजे नाहीतच, त्यात ६ मिनिटं गेली. सायकल ५४ मिनिटं. चढाला मी तीन पोरांना मागं टाकलं, उताराला त्याच तिघांनी मला. आपण सातारची माणसं चढाला पक्की, पण माझा हात उताराला ब्रेकवरनं हलतच नाही, घाटात एसटी समोरनं बघायची सवय. मग २ मिनिटांत सायकल लावून पळायला निघाले आणि पाय कुणा दुसऱ्याचेच! पहिला किलोमीटर मी पळत होते की कुणी मला मागनं ढकलत होतं देव जाणे. पाण्याचं टेबल एकच आणि तेही सुरुवातीला, परतीला घसा कोरडा. आयोजकांना हे सांगितलंय. पळायला ४१ मिनिटं.

एकूण २ तास १० मिनिटं. चाळिशीच्या वरच्या बायकांत तिसरी. किती बायका होत्या ते विचारू नये.

---

कासपठारी | रविवार, १०:४०

किती बायका होत्या? 😄

---

चारभिंती | रविवार, १०:४४

तीन.

---

भडंगप्रेमी | रविवार, १०:५८

"तिकडं गाव हाय" ला फुटलो. बायको विचारतेय काय झालं म्हणून, तिला वाचून दाखवतोय. लिहीत राहा, पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

---

माईघाट | रविवार, ११:२०

ताई, आम्ही सांगलीचं. आमची पण तीच गत पण उलटी. आम्ही कृष्णेत शिकलेलो, आयर्विन पुलाखाली. नदीत पलीकडं जायचं असलं तर पलीकडच्या झाडाकडं तोंड करून पोहायचं नसतं, वरच्या अंगाच्या झाडाकडं तोंड करायचं, मग पाणी तुम्हाला बरोबर खालच्या झाडाला नेऊन लावतं. हे हाडात बसलंय. मी पहिली स्पर्धा केली ती पण तलावातच, साठलेलं पाणी. फुग्याकडं तोंड करायचं तर मी फुग्याच्या वीस हात वर तोंड केलं आणि वाट बघत बसलो पाणी मला कधी आणतंय. पाणी कशाला आणतंय! आमचा वस्ताद काठावरनं बोंबलतोय, "आरं वाहतं न्हाय ते!"

आणि ते मगरीसारखे डोळे वर काढायचं लिहिलंय ते जरा जपून. आमच्याकडं भिलवडीच्या पट्ट्यात खऱ्या मगरी हायत, त्या पण सायटिंगच करत असत्यात.

---

घोटभर_चहा | सोमवार, सकाळी ७:०५

ही दोन्ही उदाहरणं भारी आहेत. मी पाटाच्या पाण्यात शिकलो, कालव्यात. आमच्याकडं फक्त खालच्या दिशेला पोहायचं आणि पुढच्या पुलाला बाहेर येऊन चड्डीवर चालत परत यायचं. त्यामुळं मला अजून परत येता येत नाही, तलावात एका बाजूला गेलो की चालत यावंसं वाटतं.

---

कंदीपेढा | सोमवार, ९:३१

वाचायला मजा आली पण स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळं पैसेवाल्यांचं फॅड आहे. १८०० रुपये भरून पोहायचं, लाखाची सायकल, डोळ्याला दोन हजाराचा गॉगल. आमचा गडी रोज सायकलनं रानात जातो, मोटारीचा फुटबॉल बसवायला विहिरीत उतरतो आणि म्हैस सुटली की तिच्यामागं पळतो. झाली की ट्रायथलॉन. त्याला मेडल कोण देतंय?

---

चारभिंती | सोमवार, ९:५०

राग कसला. फुटव्हॉल्व्हला (मोटारीच्या पाइपाच्या बुडाच्या झडपेला) फुटबॉल म्हणणारा माणूस आपल्याकडचाच 🙂

लाखाची सायकल माझ्याकडं नाही, थोरल्याची आहे ती, जाड गुठळ्यांच्या टायरची. सायकलवाल्यानं सांगितलं सायकल बदलू नका, टायर बदला. गुळगुळीत टायर बसवले, हवा नीट भरली, आणि सीट वर घेतली. आधी गुडघे हनुवटीला लागत होते. एवढ्या खर्चात जेवढा फरक पडला तेवढा लाखात पडला नसता. पण तुमच्या गड्याचं म्हणणं मान्य आहे, त्याला घेऊन या पुढच्या वेळी, पैसे मी भरते. मला खात्री आहे तो पण डावीकडंच जाणार.

---

सायकलवाला_काका | सोमवार, १०:१५

कंदीपेढा, फॅड म्हणा पण आपल्या जिल्ह्यात म्हणू नका. माणदेशात मोहीसारख्या दुष्काळी गावातली ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला गेली, दहावी आली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. तिथं लाखाच्या वस्तू नव्हत्या.

आणि ट्रायथलॉन सुरू झाली तीच हौशी लोकांची. १९७४ ला अमेरिकेत सॅन दिएगोला पळणाऱ्या मंडळींनी गंमत म्हणून भरवली. १९७८ ला हवाईत पहिली आयर्नमॅन, म्हणजे खूप लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, झाली तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर १५ माणसं होती आणि पूर्ण केली १२ जणांनी. ऑलिंपिकमध्ये आली २००० साली, सिडनीला. म्हणजे चारभिंतीताईंच्या गटात तीन होत्या हे काही कमी नाही.

---

कंदीपेढा | सोमवार, १०:२२

काका, खाशाबांना तिकिटासाठी लोकांकडनं पैसे गोळा करावे लागले होते, तो मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. पण असो, वाद घालून धागा भरकटवत नाही. गड्याला विचारतो.

---

दंडनंबर_११४ | सोमवार, दुपारी १:०८

मी अशा स्पर्धांना पंच म्हणून मदत करतो, दोनचार गोष्टी सांगतो कारण नवीन लोक इथंच मार खातात आणि चिडतात.

हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकलीला हात. परत आल्यावर सायकल स्टँडला लागेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. आम्ही नेमकं तेच बघत उभे असतो. सायकलवर बसायची रेषा आखलेली असते, त्याच्या आधी टांग टाकली तर शिक्षा, उतरायला पण रेषा असते. दुसऱ्याच्या मागं चिकटून सायकल मारायची नाही, हौशी गटात याला ड्राफ्टिंग म्हणून वेळ वाढवतात, दहा मीटर अंतर ठेवा, ओलांडायचं तर पटकन ओलांडा.

पोहताना मात्र कुठलाही प्रकार चालतो. छातीवर, पाठीवर, कुत्र्यासारखं, काहीही. दम लागला तर कयाक धरून थांबायला परवानगी असते, फक्त त्याला धरून पुढं सरकायचं नाही. हे लोकांना माहीत नसतं आणि ते मान कष्टानं वर धरून झुंजत राहतात. ताईंनी कयाक धरला ते अगदी योग्य केलं. आणि वयाचा गट ३१ डिसेंबरला तुमचं जे वय होईल त्यावर धरतात, त्यावरनं दर वर्षी भांडणं.

घमेलं मोठ्या स्पर्धेत नेऊ नका. पाण्याची बाटली पायावर ओतायची.

---

चारभिंती | सोमवार, १:३०

बापरे, मी पट्टा लावला होता का आठवत नाहीये. माझं नशीब चांगलं होतं किंवा तुम्ही दुसरीकडं बघत होतात.

---

ओपीडी_नंतर | सोमवार, रात्री ९:१५

कौतुक आहेच, पण थोडं डॉक्टरी ऐका. ट्रायथलॉनमध्ये जीव जायचे जे प्रसंग आहेत त्यातले बहुतेक पोहण्यात घडतात, सायकल आणि पळण्यात त्यामानानं कमी. गार पाण्यात एकदम उडी मारली की श्वास आपोआप ओढला जातो, वर आजूबाजूला लाथा, त्यात श्वास पूर्ण बाहेर सोडला नाही तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळं जास्तच गुदमरल्यासारखं वाटतं. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय, खरं तर जुनी हवा बाहेर जात नसते. म्हणून ताईंनी बुडबुड्यांचं लिहिलंय ते वाक्य दोनदा वाचा. सुरुवातीआधी पाच मिनिटं पाण्यात उतरून तोंड ओलं करा, शिट्टीला मधे घुसू नका, कडेला राहा, दहा सेकंद मागं राहिलात तर काय बिघडत नाही. चाळिशीनंतर आधी एकदा हृदय तपासून घ्या, छातीत दुखलं तर थांबा, मेडल पुढच्या वर्षी पण मिळतं.

आणि तपासून न घेता "मिलिंद सोमणनं २०१५ ला ४९ व्या वर्षी झुरिकला आयर्नमॅन केली ना" असं मला सांगायला येणारे रोज दोन पेशंट असतात. त्यांच्या कमरेचा घेर सांगत नाही.

---

कासपठारी | सोमवार, ९:४०

पाय दुसऱ्याचे वाटतात त्यावर उपाय काय? मला पण सायकलनंतर तसंच होतं, वाटतं बसून पळतोय.

---

सायकलवाला_काका | सोमवार, ९:५५

ब्रिक म्हणतात, सायकल मारून उतरल्या उतरल्या पळायचं, आठवड्यातनं एकदा. लांब नको, दहा मिनिटं पुरे. तासभर पाय गोल फिरले की त्यांना गोलच फिरायचं असतं. शेवटचे दोन किलोमीटर हलका गिअर टाकून पटापट पॅडल मारा, फरक पडतो. आणि पहिला किलोमीटर घड्याळाकडं बघू नका, माणूस खचतो.

---

चारभिंती | सोमवार, १०:०२

पाय गोल फिरले की गोलच फिरायचं असतं... काका, हे तर माझ्या विहिरीचंच झालं.

---

नवीनसभासद७ | मंगळवार, सकाळी ६:४८

ताई नमस्कार, मी कोरेगावची. मला पोहता येत नाही, वय ३८. प्रश्न विचारायला लाज वाटतेय पण कपडे काय घातले होते? आमच्याकडं सायकलवर पँट घातली तरी बघतात.

---

चारभिंती | मंगळवार, ७:२०

लाज कसली, मला पण तोच प्रश्न सगळ्यात आधी पडला होता, फक्त इथं लिहायचं सुचलं नाही. गुडघ्यापर्यंतची पोहायची काळी टाइट्स आणि अर्ध्या बाहीचा अंगाला बसणारा टॉप, दोन्ही पटकन वाळणारं. त्यावरच सायकल आणि त्यावरच पळणं, मधे काही बदलायचं नाही. काखेला आणि मांड्यांना भरपूर व्हॅसलिन, ते विसरू नका, विसरलात तर दोन दिवस हात लांब ठेवून चालाल. बिब नंबर (स्पर्धेच्या नंबराचा कागद) पातळ इलॅस्टिकच्या पट्ट्याला लावून कमरेला, ओल्या टॉपला पिना टोचायच्या भानगडीत पडू नका. बुटांना पण इलॅस्टिकच्या नाड्या.

बघणारे बघतात. पाण्यातनं बाहेर येताना मीच इतकी दमलेली होते की कोण बघतंय ते बघायला डोळे नव्हते. लेडीज बॅचला या, ३८ म्हणजे काहीच नाही, माझ्या शेजारच्या रांगेत ६१ वर्षांच्या एक मावशी शिकल्या. खायचं पण घरचंच, सायकलवर मी शेंगदाण्याची चिक्की आणि लिंबू मीठ साखरेचं पाणी नेलं होतं, त्या दिवशी नवीन काही पोटात टाकायचं नाही.

---

माईघाट | मंगळवार, रात्री ८:३३

ताई, एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. सगळी विहिरीत शिकलेली माणसं डावीकडंच कशी वळत असतील? गोल दोन्ही बाजूनं फिरता येतंय की.

---

चारभिंती | बुधवार, रात्री ९:१०

माईघाट, तुमच्यामुळं काल रात्री साडेदहाला भावाला फोन केला, त्याला वाटलं कोण गेलं. विचारलं, आपण विहिरीत कुठल्या बाजूनं फिरायचो रे? तो म्हणाला थांब, आणि खरंच उठून अंगणात जाऊन हात फिरवून बघून आला.

आमच्या विहिरीच्या पायऱ्या उतरल्या की डाव्या हाताला मोटारीचा पाइप खाली गेलेला. चुलत्यांची सक्त ताकीद, पाइपाकडं जायचं नाही, पाय अडकेल. म्हणून सगळी पोरं पायऱ्यांवरनं उजवीकडं उतरायची, भिंत उजव्या हाताला धरून पूर्ण चक्कर मारायची आणि पाइपाच्या अलीकडनं पायऱ्यांवर परत. भिंत उजवीकडं म्हणजे वळायचं कायम डावीकडं.

भाऊ म्हणाला पाइप आता काढलाय, बोअर मारलीय, विहिरीवर जाळी टाकलीय पारवे पडतात म्हणून. मग थोडा थांबून म्हणाला, "मी पण गेल्या मे महिन्यात गोव्याला समुद्रात गेलो होतो, कायम डावीकडच्या दगडांकडं जात होतो, मला वाटलं लाटंनं नेलं."